आधी शुगर की आधी मन? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मधुमेह आणि नैराश्य एकत्र असणाऱ्यांना मानसिक आधार कसा द्यावा, या लेखावर तुम्ही सविस्तर आणि बरंच संतापून लिहिलंत. संताप समजण्यासारखा आहे. तुमच्या मोठ्या भावाला बऱ्याच वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. गेले काही महिने ते इन्शुलिन चुकवतात, शुगर तपासत नाहीत, घरात कुणाशी धड बोलत नाहीत. तुमचे आक्षेप तीन. शुगर आटोक्यात आली की मूड आपोआप सुधारतो, म्हणून आधी शुगर. नैराश्यावर उपचार करूनही एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) उतरत नाही हे अभ्यासात दिसलं आहे, मग समुपदेशनात वेळ का घालवायचा? आणि प्रत्येक वैतागलेल्या मधुमेह्याला मनोरुग्ण ठरवू नका.

तिसरा आक्षेप आधी घेते, कारण तो मला पूर्ण मान्य आहे आणि बाकीचं उत्तर त्यावरच उभं आहे.

मधुमेहाचा वैताग आणि नैराश्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोज टोचून घेणं, प्रत्येक घासाचा हिशेब, डोळे-किडनी जातील ही भीती, सगळं पाळूनही वाढलेला आकडा, यांनी माणूस थकतो. याला डॉक्टर ‘डायबेटिस डिस्ट्रेस’ म्हणतात. तो मोजायला ‘पेड’ नावाची २० प्रश्नांची प्रश्नावली आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण, बेरजेला १.२५ ने गुणायचं, म्हणजे १०० पैकी गुण मिळतात. ४० किंवा त्याहून जास्त आले तर त्रास गंभीर समजतात. पण बेरजेपेक्षा कोणत्या प्रश्नांना ३ किंवा ४ गुण दिलेत ते पाहणं जास्त कामाचं. एखाद्याला गुंतागुंतीची भीती छळत असते, एखाद्याला घरच्यांचं सतत टोकणं, एखाद्याला डॉक्टरांसमोर बसण्याची लाज. यावर नैराश्याची गोळी देऊन काही साधत नाही. जिथे दुखतं तिथेच काम करावं लागतं: इन्शुलिनच्या डोसचं नीट शिक्षण, उपचाराची सुटसुटीत मांडणी, घरच्यांशी एकदा स्पष्ट बोलणं.

नैराश्य मधुमेहापुरतं थांबत नाही. वैतागलेला माणूस शुगर मोजायचा मीटर बाजूला ठेवला की गप्पांत रमतो, आवडीचं काम हातात घेतो. नैराश्यात मधुमेहाशी काडीचा संबंध नसलेल्या गोष्टींतलाही रस जातो, आणि तो दोन आठवडे किंवा जास्त काळ परत येत नाही. ते मोजायला पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वापरतात: ९ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, एकूण २७. १० किंवा जास्त गुण आले की नीट तपासणी हवीच. १५ पासून मध्यम ते तीव्र, २० पासून तीव्र.

मधुमेह्याच्या बाबतीत हीच प्रश्नावली दोन्ही बाजूंनी फसवते. थकवा, झोप, भूक, एकाग्रता यांवरचे प्रश्न वाढलेल्या शुगरनेही भरतात. म्हणून पहिले दोन प्रश्न वेगळे काढून बघायचे: कशातच रस न वाटणं आणि मन उदास किंवा हताश असणं. तिथे शून्य आणि बाकी ठिकाणी भरपूर गुण असतील, तर आधी शुगर, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी१२ तपासून घ्या. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी१२ कमी होऊ शकतं, आणि त्याचाही थकवा येतो. झोपेबद्दल विचारताना ‘झोप लागते का’ एवढ्यावर थांबू नका. रात्री तीनदा लघवीला उठावं लागतं पण पडल्यावर पुन्हा डोळा लागतो, ही गोष्ट शुगरकडे बोट दाखवते. पहाटे चारला जाग येते, लघवीही नसते, आणि उजाडेपर्यंत तेच तेच काळे विचार फिरतात, ही नैराश्याकडे. उलटी चूकही तितकीच होते: उदास, रडवेल्या माणसाचं सगळं ‘शुगरमुळे होतंय’ म्हणून वर्षभर तसंच राहतं. तुमच्या भावाच्या बाबतीत मला हीच भीती जास्त वाटते.

आता पहिला आक्षेप. शुगर सतत चढलेली असेल तर माणूस थकलेला आणि चिडचिडा राहतो, ती उतरली की काही दिवसांत फरक जाणवतो, हे खरं आहे. पण ती उतरवायची कुणी? तपासणं, डोस ठरवणं, वेळेवर टोचणं, वेळेवर जेवणं, तारखेला डॉक्टरकडे जाणं. यातल्या प्रत्येक कामाला सुरुवात करण्याची उभारी लागते, लक्षात ठेवावं लागतं, आणि ‘याने उपयोग होईल’ असं वाटावं लागतं. नैराश्य नेमक्या याच गोष्टी काढून घेतं. अशा माणसाला ‘आधी शुगर आटोक्यात आण, मग मनाचं बघू’ म्हणणं म्हणजे मोडलेल्या पायाला आधी चालून दाखव म्हणण्यासारखं आहे.

यातून एक खरोखर धोकादायक साखळी तयार होते. रुग्ण आठवड्यातले निम्मे डोस चुकवतो, पण लाजेने सांगत नाही. एचबीए१सी वाढलेलं पाहून डॉक्टर डोस वाढवतात. एखाद्या दिवशी घरच्यांच्या धाकाने किंवा स्वतःच्या अपराधी भावनेने तो वाढवलेला डोस पूर्ण घेतो, भूक नसल्याने जेवतो अर्धंच, आणि शुगर लो होते. घाम, थरथर, धडधड. त्या अनुभवानंतर तो इन्शुलिनलाच घाबरतो आणि शुगर मुद्दाम चढी ठेवायला लागतो. कागदावर ही ‘औषध लागू पडत नाही’ अशी केस दिसते. म्हणून डॉक्टरांना सगळ्यात आधी द्यायची माहिती म्हणजे खरोखर घेतलेले डोस. आणि ‘औषध नियमित घेता ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’च येतं. ‘गेल्या आठवड्यात किती वेळा राहिलं असेल?’ असं विचारलं की खरा आकडा येतो.

दुसऱ्या आक्षेपात तुम्ही ज्या निष्कर्षाबद्दल बोलता तो खरा आहे. अमेरिकेतल्या ‘पाथवेज’ अभ्यासाचे निष्कर्ष २००४ साली आले: मधुमेह आणि नैराश्य दोन्ही असलेल्यांच्या नैराश्यावर नीट उपचार केले, नैराश्य कमी झालं, एचबीए१सी मात्र हललं नाही. तुम्ही तिथे थांबलात. त्याच संशोधकांनी पुढे ‘टीमकेअर’ अभ्यास केला. त्यात २१४ रुग्ण होते, निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. या वेळी एकच प्रशिक्षित नर्स नैराश्य, शुगर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल हे सगळं एकत्र सांभाळत होती. वर्षाअखेर चारही गोष्टी नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त सुधारल्या. भारतातल्या चार दवाखान्यांत ४०४ रुग्णांवर याच पद्धतीचा अभ्यास झाला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला, आणि दोन वर्षांनंतरही नैराश्य आणि त्याबरोबर शुगर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांपैकी निदान एक सुधारणं, हा एकत्रित निकाल या पद्धतीच्या बाजूने होता.

म्हणजे मनाचा उपचार मनाच्या दवाखान्यात आणि शुगरचा शुगरच्या दवाखान्यात, असं वेगवेगळं केलं की एकाचा फायदा दुसऱ्याला आपोआप मिळत नाही. एकत्र केलं की मिळतो. एकत्र म्हणजे काय, तर सुरुवातीला दर दोन-तीन आठवड्यांनी त्याच माणसाची भेट किंवा फोन, दर वेळी पीएचक्यू-९ आणि शुगरची नोंद शेजारी शेजारी, आणि आकडे हलत नसतील तर ‘पुढच्या वेळी बघू’ न म्हणता त्याच भेटीत उपचारात बदल. मानसोपचारतज्ज्ञ प्रत्येक रुग्णाला भेटतोच असं नाही. तो ठरावीक दिवशी अडलेल्या रुग्णांवर नर्सला आणि डॉक्टरांना सल्ला देतो. अशी सोय नसेल तिथे घरातल्या कुणीतरी निदान दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकमेकांपर्यंत पोहोचवायच्या. आणि समजा शुगर जराही उतरली नाही, तरी नैराश्य उतरणं हा स्वतःच उपचाराचा हेतू आहे. दुखणं कमी करायला शुगरचं निमित्त लागू नये.

‘समुपदेशन म्हणजे गप्पा’ असंही तुम्ही लिहिलंत. चांगल्या समुपदेशनात गप्पा कमी आणि काम जास्त असतं. उदाहरणार्थ, संध्याकाळचं इन्शुलिन चुकतं. समुपदेशक त्या अर्ध्या तासात काय काय घडतं ते मिनिटा-मिनिटाने विचारतो. बऱ्याचदा कळतं की इन्शुलिनच्या आधी तपासावं लागतं, तपासलं की आकडा घरात मोठ्याने विचारला जातो, आणि तो ऐकवायला लागू नये म्हणून मीटरच कपाटातून निघत नाही. अडचण सुईची नसते, त्या प्रश्नाची असते. मग एका आठवड्यापुरता करार होतो: फक्त सकाळची उपाशीपोटीची शुगर, रोज मीटरची एकच पट्टी, आकडा वहीत लिहायचा, त्यावर घरात कुणी अवाक्षर काढायचं नाही. फार कमी किंवा फार जास्त आली तर काय करायचं हे आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं. आठवड्यात ७ पैकी ४ नोंदी झाल्या तर ४ झाल्या. ३ दिवस का अडले ते पुढच्या भेटीत बघायचं. याच्या जोडीला मधुमेहाशी संबंध नसलेलं एक छोटं काम, पूर्वी आवडणारं, दहा मिनिटांचं, ठरलेल्या वेळी. मन लागत नसलं तरी करायचं, कारण नैराश्यात इच्छा आधी येत नाही, कृतीनंतर हळूहळू येते. इथे बहुतेक घरं एक चूक करतात: पहिल्याच आठवड्यात पथ्य, चालणं, चार वेळा तपासणी, सगळं एकदम सुरू करतात. तिसऱ्या दिवशी ते कोसळतं आणि ‘माझ्याने काहीच होत नाही’ याला आणखी एक पुरावा मिळतो.

डॉक्टरांकडूनही काही काळ सवलत मागता येते. टाइप २ मध्ये दिवसाच्या चार इंजेक्शनांऐवजी तात्पुरतं एक इंजेक्शन आणि गोळ्या चालतील का, एचबीए१सीचं लक्ष्य काही महिने सैल ठेवता येईल का, हे जरूर विचारा. नीट घेतलेला साधा उपचार चुकवलेल्या आदर्श उपचारापेक्षा सुरक्षित. मात्र हा बदल स्वतःच्या मनाने करू नका, आणि टाइप १ असेल तर बेसल (दिवसभर सावकाश काम करणारं) इन्शुलिन एक दिवसही बंद करायचं नाही. कीटोअॅसिडोसिसने (इन्शुलिनअभावी रक्तात आम्ल साचल्याने) जिवावर बेततं.

औषधांबद्दल थोडक्यात. नैराश्यावरची औषधं दोन ते चार आठवड्यांत काम करू लागतात, पुरता परिणाम दिसायला सहा-आठ आठवडे लागतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने किंवा जास्त चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. फ्लुओक्सेटिनसारख्या गोळ्यांनी शुगर थोडी उतरू शकते, तेव्हा इन्शुलिन घेणाऱ्याने पहिले काही आठवडे जास्त वेळा तपासावं. अॅमिट्रिप्टिलिन आणि मिर्टाझापिनने वजन वाढू शकतं. पायांत जळजळ, मुंग्या असतील तर ड्युलोक्सेटिन हे एकच औषध दोन्हीला उपयोगी पडू शकतं. म्हणून मानसोपचारतज्ज्ञाला मधुमेहाच्या गोळ्यांची यादी दाखवल्याशिवाय चिठ्ठी घेऊ नका. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: मन सावरलं की माणूस डोस नियमित घेऊ लागतो, आणि चुकवण्याच्या काळात वाढवलेला डोस आता जास्त पडतो. त्या सुमारास शुगर लो होण्याची तयारी ठेवा. ७० च्या खाली आली की १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजून ७० खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. माणूस गिळण्याच्या स्थितीत नसेल तर तोंडात काही न घालता लगेच रुग्णालय.

पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. तो टाळू नका. ‘जगू नये असं वाटतं का?’ हे सरळ विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, माणसाला एकटं ठेवू नका, इन्शुलिन आणि गोळ्यांचा साठा दुसऱ्याच्या ताब्यात ठेवा आणि प्रत्येक डोस समोर द्या. मुद्दाम जास्त इन्शुलिन घेतल्याची नुसती शंका आली तरी, माणूस ठीक दिसत असला तरी, रुग्णालयात न्या. दीर्घकाळ चालणाऱ्या इन्शुलिनचा परिणाम बराच वेळ टिकतो, घरी एकदा साखर देऊन धोका टळत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत, भाऊ मानसोपचारतज्ज्ञाकडे यायलाच तयार नाहीत, तर काय? मग तिथून सुरुवात करू नका. ज्या मधुमेहाच्या डॉक्टरांकडे ते जातात तिथेच त्यांच्याबरोबर जा आणि एक कागद न्या, भावाला आधी वाचून दाखवून. त्यावर इतकंच लिहा: गेल्या दोन आठवड्यांत किती डोस राहिले, शुगर किती वेळा लो झाली, झोप कशी मोडते, पूर्वी आवडणारं काय सोडलं आणि केव्हापासून, बी१२ आणि थायरॉइड शेवटचं कधी तपासलं. खाली एक विनंती: आज पीएचक्यू-९ भरून घ्याल का? भेटीचा वेळ कमी असतो हे तुमचं म्हणणं खरं आहे, पण प्रश्नावली बाहेर वाट पाहतानाच पाच मिनिटांत भरून होते. नैराश्याची पहिली गोळी मधुमेहाचे डॉक्टरही सुरू करू शकतात. पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची घेऊ नका. दोन-तीन आठवड्यांनीची मागून घ्या.