लेथला ओवाळताना

घरात लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, ठेवलाय म्हटलं की लोक पहिलं विचारतात, "आवाजाचं काय करता हो?" आवाज काय, बटण दाबलं की बंद होतो. खरा छळ मशीन बंद झाल्यावर सुरू होतो. काम संपलेलं असतं, हातात चिंधी असते आणि पोलादाचा बारीक कीस चुंबकाला चिकटल्यासारखा जागचा हलायला तयार नसतो.

साधं 6 मिलिमीटरचं ड्रिल घ्या. चिंधीनं पुसलं की खोबणीतला कीस सरकत सरकत टोकाशी जातो आणि तिथं काटे उभारून बसतो. बोटानं झटकावा तर त्यातला एक बोटातच शिरतो. ब्रशनं झाडावा तर हवेत अर्धी गिरकी घेऊन पुन्हा स्वस्थानी. अशा ड्रिलनं पाडलेल्या भोकात ओरखडे हमखास. व्हर्निअरच्या जबड्यात एखादा कण राहिला की माप खोटं. जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, उलटून चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, धरताना तिच्या जबड्याखाली 0.1 मिलिमीटरची चिप राहिली, तर जॉब डोलायला लागतो आणि आपण लेथ बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. चकला चुंबकत्व चढलेलं असतं, एवढंच.

यावर तात्पुरता रामबाण म्हणजे भिजवलेली कणीक. लिंबाएवढा गोळा टोकावर दाबला की कीस मुकाट्यानं कणकेत येतो. आमच्याकडे पोळ्या कमी भरायला लागल्या तेव्हा हा शोध उघडकीला आला. आता मी नातवाची खेळायची माती वापरतो. तोही कुरकुरतोच, पण त्याला पोळ्या लाटायच्या नसतात.

हे चुंबकत्व चढतं कुठून? संशयित घरातलेच. डायल गेजचा, म्हणजे बारीक फरक मोजायच्या घड्याळाचा, मॅग्नेटिक स्टँड, स्क्रू ठेवायची चुंबकी वाटी, आणि भिंतीवरची ती चुंबकाची पट्टी, जिच्यावर लटकवलेली हत्यारं फोटोत फार छान दिसतात. मऊ लोखंड चुंबक लांब गेला की बहुतेक सगळं विसरून जातं. कडक केलेलं पोलाद मात्र मनात धरून ठेवतं. आणि वर्कशॉपमध्ये जे जे महाग, धारदार आणि अचूक, ते नेमकं कडक पोलादाचं असतं.

त्यात आमच्या बेंच वाइसची, म्हणजे टेबलावर बसवलेल्या पकडीची, दिशा दक्षिणोत्तर. ही अडचण कुणा वास्तुतज्ज्ञानं काढली असती तर मी त्याला चहासुद्धा विचारला नसता. पण विल्यम गिल्बर्ट नावाच्या इंग्रज वैद्यानं 1600 साली छापून ठेवलंय की तापलेलं लोखंड दक्षिणोत्तर ठेवून ठोकलं तर पृथ्वीच्या चुंबकत्वानं तेही चुंबक होतं. हा परिणाम अगदी क्षीण, आमच्या स्टँडपुढे काहीच नाही. तरी हल्ली छिन्नी मारताना मी जॉब पूर्व-पश्चिम धरतो. उगाच कशाला?

घालवायचं कसं, हे शाळेच्या पुस्तकात होतं: तापवा किंवा आपटा. लोखंड 770 अंश सेल्सिअसला चुंबकत्व सोडतं, हे खरं. तेवढं तापवल्यावर ड्रिलची धारही टिकत नाही. आणि व्हर्निअर आपटायचं तर मन आधी घट्ट करावं लागतं.

शेवटी पेठेतल्या एका जुन्या टीव्ही मेकॅनिककडून तारेचं भलंमोठं कडं आणलं. जाड काचेच्या टीव्हीवर रंगांचे डाग पडायचे, ते तो यानंच घालवायचा. घरातली वीज 50 सायकलची, म्हणजे कड्यातलं चुंबकत्व सेकंदाला शंभरदा दिशा बदलतं. त्यात सापडलेलं पोलाद इकडे वळू की तिकडे या गोंधळात पडतं. कडं हळूहळू लांब नेलं की दर हेलकावा आधीच्यापेक्षा लहान होत जातो आणि शेवटी हाती जवळजवळ शून्य उरतं. मेकॅनिकनं बजावलं होतं, "साहेब, लांब गेल्याशिवाय बटण सोडायचं नाही. जवळ असताना सोडलंत, तर आहे त्याहून जास्त चढेल."

तेव्हा दृश्य असं: हातात गुणगुणणारं कडं, मी चकसमोर ते गोल गोल फिरवतोय आणि एकेक पाऊल मागं सरकतोय. समोरच्या गॅलरीतून काकू म्हणाल्या, "काय हो, खंडेनवमी लवकर आली वाटतं?" लेथला मी खरोखरच ओवाळत होतो. फक्त यजमान उलटा चालत होता.

ड्रिल, व्हर्निअर, चिमटे साफ सुटले. चक निम्माच ऐकला. एवढ्या जाड लोखंडात हे हेलकावे खोल शिरत नाहीत. कडंही तापतं, मध्ये मध्ये थांबावं लागतं.

एक पेचकस मात्र बायकोनं आधीच काढून घेतला होता. फरशीवर पडलेल्या सुया त्याला पटकन चिकटतात म्हणून. "याला हात लावायचा नाही," अशी ताकीद. तो शिवणाच्या डब्यात मुक्कामाला गेला. काही दिवसांनी ती डबा घेऊन माझ्यासमोर उभी. सुयांचा एक झुपका कात्रीला, टाचण्या बॉबिनला, आणि बॉबिन पेचकसाला.

"अहो, तुमचं ते कडं अजून आहे ना?"

"आहे की. पण आधी पोळ्यांचं बोलू."