चारशे वेळा की वीस वेळा? खेळाच्या बाजूने फिरणारा एक चुकीचा आकडा

पालकांच्या आणि शिक्षकांच्या ग्रुपवर एक संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे. मेंदूत एक नवा सिनॅप्स, म्हणजे दोन मज्जापेशींमधली जोडणी, तयार व्हायला साधारण ४०० वेळा उजळणी लागते; पण तेच खेळातून केलं तर १० ते २० वेळांत भागतं, असं शास्त्रज्ञांनी शोधून काढलंय, असं त्यात म्हटलेलं असतं. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. मुलांना खेळू द्या, एवढंच त्यांना सांगायचं असतं आणि ते मलाही मनापासून पटतं. म्हणूनच हा आकडा मला जास्त खुपतो. उद्या कुणी तो खोडून काढला की त्याच्याबरोबर खेळाची बाजूही लंगडी पडते.

‘शास्त्रज्ञांनी शोधून काढलंय.’ कोणी, कधी, किती मुलांना काय शिकवून? संदेशात यातलं काहीच नसतं. शिवाय हे मोजणार कसं? चालत्याबोलत्या मुलाच्या मेंदूत एखादा सिनॅप्स तयार होताना दिसेल असं साधन आजही कुणाकडे नाही. उंदरांच्या मेंदूत ते पाहता येतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पंजा लांबवून दाणा उचलायला उंदीर शिकत होते, आणि सराव सुरू झाल्यावर तासाभरातच त्यांच्या मेंदूत नव्या जोडण्यांचे कोंब फुटताना दिसले. चारशेचा हिशेब तिथेही लागत नाही.

‘नवा सिनॅप्स म्हणजे नवं शिकणं.’ जुन्या जोडण्या बळकट होणं, काही ढिल्या पडणं, काही नाहीशाच होणं, हेही शिकण्यातच येतं. पीटर हुटेनलोखर यांनी १९७९ मध्ये माणसाच्या मेंदूच्या पुढच्या भागातल्या जोडण्यांची मोजणी प्रसिद्ध केली. त्यांची दाटी एक-दोन वर्षांच्या वयात सर्वांत जास्त होती, मोठेपणी बरीच कमी. नुसत्या संख्येवर जायचं तर दोन वर्षांचं मूल आपल्या आईवडिलांपेक्षा जास्त शिकलेलं ठरेल.

‘उजळणी शेकडो वेळा लागतेच.’ कशासाठी, यावर ते अवलंबून आहे. सुझन कॅरी आणि एल्सा बार्टलेट यांचा १९७८ चा प्रयोग बघा. तीन-चार वर्षांच्या मुलांना, रोजच्या गडबडीत सहज सांगावं तसं, सांगितलं गेलं: तो क्रोमियम ट्रे आण, निळा नको, क्रोमियम. समोर दोनच ट्रे होते, एक निळा आणि एक शेवाळी. ‘क्रोमियम’ हा शब्द त्या मुलांनी रंगासाठी कधीच ऐकला नव्हता, तरी त्यांनी बरोबर ट्रे आणला. काही दिवसांनी तपासलं तेव्हा त्या एकदाच ऐकलेल्या शब्दाचा ठसा बऱ्याच मुलांच्या मनात उरलेला होता. याउलट पाढे किंवा वाद्यावर बसलेला हात यांना सराव लागतोच आणि तो खेळाने टळत नाही. खेळात मूल तो सराव न कंटाळता, आपणहून करतं. ही काही लहान गोष्ट नाही, पण ती वेगळी गोष्ट आहे.

‘खेळातून केलं की झालं.’ संदेशातला सगळ्यात फसवा भाग हा. गीता रामाणी आणि रॉबर्ट सिग्लर यांनी २००८ मध्ये गरीब घरांतल्या, शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या मुलांना पटावरचा एक खेळ दिला. एका रांगेत दहा घरं, त्यांवर १ ते १० आकडे. चकती फिरवायची, एक किंवा दोन येईल तेवढी घरं पुढे जायचं, आणि प्रत्येक घराचा आकडा मोठ्याने म्हणायचा. १५ ते २० मिनिटांच्या चार बैठकांत या मुलांची आकड्यांची समज स्पष्ट सुधारली आणि नऊ आठवड्यांनंतरही ती टिकून होती. दुसऱ्या गटाला तसाच पट मिळाला, तशीच चकती, तेवढाच वेळ, फक्त घरांवर आकड्यांऐवजी रंग. खेळली तीही मुलं, पण त्यांची आकड्यांची समज होती तिथेच राहिली. खेळात काय घातलंय आणि मूल त्यातून काय हाताळतंय, फरक त्याने पडतो. ‘खेळाने वीसपट वेग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या खेळण्यांकडे पालकांनी याच नजरेने पाहावं असं मला वाटतं.

आता जे त्या संदेशात नाही ते. त्याच्या लेखी खेळ म्हणजे उजळणी लवकर उरकायची युक्ती. कुतूहलाला त्यात जागाच नाही. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये चार करामती दडवलेलं एक खेळणं मुलांपुढे ठेवलं. ‘हे कसं चालतं ते दाखवते’ म्हणून ज्यांना एक करामत नीट शिकवली, ती मुलं तीच करत राहिली आणि लवकर थांबली. ज्यांच्यासमोर तीच करामत चुकून घडल्यासारखी झाली, त्यांनी इतर करामती जास्त शोधल्या.

त्याआधी २००७ मध्ये बोनाविट्झ आणि लॉरा शुल्झ यांनी केलेला प्रयोग मला त्याहून आवडतो. एका खोक्याला दोन दांड्या, आणि दाबल्या की खोक्यातून वर येणारी दोन बाहुली. काही मुलांना दांड्या एकेक दाबून दाखवल्या, काहींसमोर दोन्ही एकदम दाबल्या. मग शेजारी एक नवंकोरं खोकं ठेवलं. ज्यांना पहिल्याचं गुपित कळलं होतं ती मुलं नव्याकडे वळली. ज्यांच्यासमोर दोन्ही दांड्या एकदम दाबल्या होत्या, त्यांना कुठली दांडी कुठलं बाहुलं वर आणते हे कळायला मार्गच नव्हता. ती मुलं नवं बाजूला ठेवून जुन्या खोक्याशीच जास्त खेळली. बाहेरून पाहणाऱ्याला ही उजळणी वाटेल, पण त्या मुलांपुढे न सुटलेला एक प्रश्न होता.