मंगळवारी गैरहजर

रविवारची उपासना आटोपली होती. चर्चच्या आवारात उभी राहून मी पर्समध्ये स्कूटीची किल्ली शोधत होते, तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "बाई, मंगळवारी गैरहजर?"

सगळं आवार वळून बघायला लागलं. मी शिक्षिका. लोकांना वाटलं, बाईंनी शाळेला दांडी मारली आणि ती चर्चपर्यंत पोचली.

आवाज कंट्रोलरकाकांचा. काका एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन जमाना झाला, पण घशातला लाउडस्पीकर काही त्यांनी महामंडळाला परत केलेला नाही.

प्रकार असा. माझ्या बायबलची छपाई बारीक, डोळ्यांना आता झेपत नाही, म्हणून मी फोनवर ॲप घेतलं. अक्षर हवं तेवढं मोठं होतं, एवढाच हेतू. त्या ॲपात 'मित्र' नावाची सोय निघाली. काकांनी विनंती पाठवली. वडीलधारं माणूस, नाही कसं म्हणायचं? तेव्हापासून मी रोज वाचलं की नाही, हे त्यांना घरबसल्या कळतं. सलग दिवसांचा आकडा वाढत जातो आणि एक दिवस चुकला की थेट शून्य.

त्या मंगळवारी संध्याकाळीच लाइट गेली आणि फोनही मेला. मी मेणबत्ती लावून, चष्म्यापुढे भिंग धरून छापील बायबलातून नहेम्या वाचला. यरुशलेमचा कोट कोणी कुठून कुठपर्यंत बांधला, त्या सगळ्या नावांसकट. बुधवारी फोन चालू करते तर शून्य, आणि खाली रडका चेहरा.

"काका, मी वाचलं होतं."

"नोंद नाही."

"पुस्तकात वाचलं."

"पुस्तकाला नोंद कुठं असते?"

"वर असते," मी आभाळाकडे बोट केलं. म्हटलं, चर्चच्या आवारात तरी हा मुद्दा चालून जाईल.

"वरची नोंद वर, बाई. खाली कागदावर जे आहे तेच धरायचं. ड्रायव्हर म्हणायचे, साहेब, गाडी वेळेत होती, रेल्वेचं फाटक बंद होतं. फाटकाची नोंद आहे का? नाही. मग गाडी लेट."

एवढं बोलून त्यांनी खिशातून डायरी काढली. पानावर पट्टीनं आखलेले रकाने, डावीकडे नावं, वर तारखा. हजर निळ्या शाईनं, गैरहजर लाल. खजिनदार, ऑर्गन वाजवणारा पोरगा, महिला मंडळातल्या आम्ही सगळ्याजणी. पाळकसाहेबांच्या नावापुढेही दोन लाल फुल्या होत्या. माझी नजर तिथं गेल्याबरोबर काकांनी अंगठा ठेवला आणि आवाज खाली आणला. "हे मी अजून वर कळवलेलं नाही."

वर म्हणजे कुठं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

"आणि तुमचं स्वतःचं?" मी विचारलं. काका याचीच वाट बघत होते. फोन माझ्या नाकासमोर धरला. एकही खंड नाही. आदल्या दिवशीचा भाग स्तोत्र ११९. अख्ख्या बायबलात सगळ्यात लांब अध्याय, १७६ वचनं. काकांनी पहाटे उघडून मिनिटाच्या आत 'पूर्ण' दाबलेलं. दात घासता घासता दाबतो, हेही त्यांनीच सांगितलं.

"काका, १७६ वचनं एका मिनिटात?"

"एक्स्प्रेस आहे आपली. सगळ्या थांब्यांवर थांबत नाही."

यावर महिला मंडळ पोट धरून हसलं. मीही हसले. पण घरी येईपर्यंत डोकं तापलं होतं ते तापलंच. ज्यानं वाचलं नाही तो हजर, आणि जिनं भिंग धरून वाचलं ती लाल शाईत. बरं, काकांवर तरी किती चिडायचं? ते प्रेमळ आहेत. कुणाच्या घरी मयत झाली की सगळ्यांच्या आधी पोचतात आणि गाडीपासून चहापर्यंत सगळी व्यवस्था बघतात. त्यांच्या हातात हजेरीचं मशीन दिलं कुणी? लहानपणी संडेस्कूलमध्ये हजेरीला रंगीत चित्राचं कार्ड मिळायचं. ती कार्डं जमवून आम्ही थांबलो. मोठ्या माणसांना पुन्हा तोच नाद लावायची काय गरज होती? मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो की प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जा, दार लावून घे. आमच्या ॲपात दाराला कडीच नाही.

त्यातली वाचनाची योजनाही मी निवडली होती ती मॅकशेनची. रॉबर्ट मरे मॅकशेन हा स्कॉटलंडमधल्या डंडीचा तरुण पाळक. १८४२ साली त्यानं आपल्या मंडळीसाठी वर्षभराचं कोष्टक काढलं. रोज चार अध्याय, म्हणजे वर्षात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रं दोनदा. पुढच्याच वर्षी तो वारला, तिशीसुद्धा गाठली नाही. पण शहाणा माणूस. कोष्टकाच्या आधी त्यानं धोके लिहून ठेवलेत. वाचन नुसता उपचार होईल, वाचलं म्हणून अहंकार चढेल, घाईनं वाचलं जाईल, ओझं होईल. ॲपवाल्यांनी कोष्टक उचललं, धोके गाळले, आणि शिवाय रडका चेहरा घातला.

सोमवारपासून मी दुसरं ॲप शोधायला लागले. अटी साध्या होत्या. मराठी मजकूर, मोठं अक्षर, इंटरनेट नसताना चालणारं, आणि मित्र अजिबात नकोत.

पहिलं फुकट होतं. विलापगीत उघडलं. यरुशलेम नगरी उजाड होऊन बसली आहे, एवढं वाचलं आणि पडदाभर रमी. पत्त्यातली राणी डोळा मारतेय आणि खाली 'आत्ताच खेळा'. बंद करायची फुली इतकी बारीक की माझं बोट राणीवरच पडलं. रात्रभर रमीवाल्यांचे मेसेज येत होते.

दुसऱ्यात शोधाची सोय होती. मी 'योना' टाकलं. मोठ्या माशाच्या पोटात गेलेला योना एवढासा, चार अध्यायांचं त्याचं पुस्तक. पण यादीत आला तो शौलाचा मुलगा योनाथान, पानंच्या पानं. यंत्राला 'योना' एवढी अक्षरं दिसली की पुरे. तार्शीशला पळून निघाला तेव्हासुद्धा योना इतका बेपत्ता झाला नसेल.

तिसरं वाचून दाखवणारं. डोळ्यांना आराम म्हणून खूष होते. बाई छान बोलत होती, पण संदर्भ, म्हणजे अध्याय तीन, वचन सोळा, आला की म्हणायची, "योहान, तीन वाजून सोळा मिनिटे." हे मी काकांना सांगायला नको होतं. पण बुधवारच्या प्रार्थनासभेत राहवलं नाही. काका क्षणभर गंभीर झाले आणि म्हणाले, "मग बरोबर आहे. सुटायची वेळ नको का सांगायला?"

तसं बघितलं तर हे आकडे मुळात बायबलात नव्हतेच. अध्याय पाडले तेराव्या शतकात, त्याचं श्रेय बहुतेक स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्मगुरूला देतात. नव्या कराराची वचनं पाडली पॅरिसच्या रोबेर एस्तिएन या मुद्रकानं, १५५१ साली. त्याच्या मुलानं लिहून ठेवलंय की वडिलांनी हे काम पॅरिसहून लियोंला जाताना प्रवासात केलं. त्यावरून लोक म्हणतात की वाक्य मध्येच तुटलंय तिथं घोडा अडखळला असणार. हे ऐकून काकांच्या मनात एस्तिएनबद्दल फार आदर निर्माण झाला. "रस्त्यात काम केलं ना? आपला माणूस."

चौथं ॲप खरं अभ्यासाचं होतं. वचनावर बोट ठेवलं की मूळ हिब्रू, ग्रीक शब्द. जेम्स स्ट्राँगनं १८९०मध्ये प्रत्येक मूळ शब्दाला क्रमांक देऊन जो कोश काढला, तो आख्खा आत. मॅथ्यू हेन्री या जुन्या भाष्यकाराची टीका, म्हणजे वचनांचा उलगडा, नकाशे, तक्ते. मी हरखून मराठी मजकूर निवडला आणि सगळं गेलं. क्रमांक गेले, टीका गेली, नकाशे गेले, उरली नुसती वचनं. पुन्हा इंग्रजी केलं, सगळं हजर. म्हणजे अभ्यास करायचा तर इंग्रजीत करा, मराठी माणसानं आपलं भक्तिभावानं वाचावं आणि आमेन म्हणावं.

इथं मात्र मला हसू येईना. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं घालून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणलं. केडगावला, मुक्ती मिशनमध्ये. छपाईचे खिळे जुळवायला, छापायला आश्रमातल्याच बायका. १९२२मध्ये रमाबाई गेल्या, १९२४मध्ये ते बायबल निघालं. ज्या बायकांना जगानं टाकलेलं, त्यांच्या हातून शंभर वर्षांपूर्वी हे झालं, आणि आज एवढ्या कंपन्यांना मराठी शब्दामागे एक क्रमांक चिकटवता येत नाही? परवडत नसेल. रमी परवडते.

हे सगळं मी तावातावानं प्रार्थनासभेनंतर बोलत होते. सगळे गप्प. पाळकीणबाईंनी मान डोलावली. शेवटी काकांनी घसा साफ केला.

"कोणतं केडगाव? आपलं नगरचं, का दौंडजवळचं?"

"दौंडजवळचं, काका."

"तेच म्हटलं. आपल्या केडगावात आश्रम कधी बघितला नव्हता. आमच्या वेळी एक म्हातारी चुकून इथं उतरली होती." मग त्या म्हातारीची गोष्ट. तिला परत कोणत्या गाडीत बसवलं, कंडक्टरला काय सांगितलं, डबा कुठं राहिला. रमाबाई राहिल्या बाजूला.

सध्या पाचवं ॲप चालू आहे. अक्षर मोठं आहे, जाहिरात नाही, विमान मोडवरही उघडतं. फक्त उघडल्या उघडल्या परवानग्या मागतं. फोटो, माइक, मी कुठं आहे ते, आणि फोनमधले सगळे नंबर. बायबलातलं 'शास्ते' हे पुस्तक वाचायला माझ्या गॅसवाल्याचा नंबर कशाला लागतो? नको म्हटलं तरी दोन अध्याय झाले की पुन्हा विचारतं, वर पाच तारे मागतं. मी दोन दिले. का दोन, असं त्यानं विचारलं, म्हणून शाळेतून आल्यावर चहा न घेता मी सविस्तर लिहिलं. क्रमांक, नकाशे, परवानग्या, मुद्देसूद, शुद्ध मराठीत. मिनिटाच्या आत उत्तर आलं, इंग्रजीत. तुमच्या प्रेमळ शब्दांबद्दल आभार, आपल्या मित्रांनाही बोलवा.