2 स्टार रिव्ह्यूला उत्तर : 3 नंबरच्या कॅसेटचा टाइमकोड

नमस्कार ताई,

तुमच्या लग्नाच्या मिनी डीव्ही कॅसेट आम्ही डिजिटल करून दिल्या, त्याबद्दल तुमच्या तक्रारी तीन. एकाच कॅसेटच्या चार फाइली मिळाल्या आणि प्रत्येकीचा टाइमकोड (प्रत्येक फ्रेमला दिलेला तास:मिनिट:सेकंद:फ्रेम असा आकडा) शून्यापासून सुरू होतो, म्हणून भाच्याची कट लिस्ट (कुठल्या टेपचा कुठून कुठपर्यंतचा भाग घ्यायचा याची यादी) लागत नाही. मंगलाष्टकांची सुरुवात तुटली. आणि कॅमेऱ्यात दिसणारी तारीख एमपी4 मध्ये नाही. शेवटच्या दोन्ही चुका आमच्याच. पहिली मात्र आमची नाही, आणि टेपही खराब झालेली नाही. कॅप्चर करताना, म्हणजे टेपवरचं चित्रण कॉम्प्युटरवर उतरवताना, टेप फक्त प्ले होते, तिच्यावर काही लिहिलं जात नाही.

घरगुती मिनी डीव्ही कॅमेऱ्यात टाइमकोड कुठून सुरू करायचा हे सहसा आपल्या हातात नसतं. रेकॉर्डचं बटण दाबलं की कॅमेरा आधीच्या फ्रेमचा आकडा वाचून पुढे मोजतो. शूटिंग करणाऱ्याने मधेच रिवाइंड करून पाहिलं, किंवा कॅसेट काढून पुन्हा घातली, आणि रेकॉर्डिंग थोड्या कोऱ्या टेपनंतर सुरू झालं, तर वाचायला आकडाच नसतो. मग 00:00:00:00. तुमच्या कॅसेटवर असं तीनदा झालंय. तिन्ही ठिकाणी क्षणभर निळा पडदा दिसतो. परिणामी 00:03:12:10 हा आकडा चारदा येतो : हळदीत, सीमांतपूजनात, मंगलाष्टकांत आणि पंगतीत. कट लिस्टमध्ये चारहींचं टेप नाव ‘3’ असेल, तर सॉफ्टवेअर मंगलाष्टकांऐवजी पंगत उचलणारच.

भाच्याला सांगा, चार फाइलींना वेगवेगळी टेप नावं द्यायची : 3-क, 3-ख, 3-ग, 3-घ. शिवाय सुरुवातीचा टाइमकोड 01, 02, 03, 04 तासांवर न्यायचा. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ते क्लिप मेनूत मॉडिफाय, टाइमकोड इथे होतं; रिझॉल्व्हमध्ये क्लिप अॅट्रिब्यूट्समध्ये. पण हे कट लिस्ट बनवण्याआधी. बनलेल्या लिस्टनंतर आकडे बदलले तर तीही लिस्ट वाया. आणि टाइमलाइन 25 फ्रेमचीच हवी. आपल्याकडची टेप पाल आहे, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेमच्या पद्धतीची, त्यामुळे टाइमकोडचे शेवटचे दोन अंक 24 च्या पुढे जातच नाहीत.

आता मंगलाष्टकांच्या सुरुवातीची आमची चूक. कॅप्चरचं सॉफ्टवेअर टाइमकोड तुटताच थांबलं आणि पुढच्या तुकड्याच्या पहिल्या काही फ्रेम गेल्या. इन पॉइंट (कॅप्चर कुठून सुरू करायचं तो आकडा) देऊनही त्या मिळत नाहीत, कारण टेप आधी काही सेकंद मागे जाऊन वेग धरते आणि ते सेकंद कोऱ्या जागेत पडतात. यावर उपाय एकच : डिव्हाइस कंट्रोल (कॉम्प्युटरवरून टेप चालवण्याची सोय) बंद करायचा, टेप पंधरा-वीस सेकंद मागे न्यायची आणि हाताने प्ले करून सलग कॅप्चर करायचं. आम्ही ते आधीच करायला हवं होतं.

तारखेचं असं, की डीव्हीच्या प्रत्येक फ्रेमसोबत टाइमकोड आणि शूटिंगची तारीख-वेळ वेगवेगळी नोंदलेली असते. फायरवायरने (कॅमेऱ्यातला डिजिटल डेटा जसाच्या तसा आणणाऱ्या वायरने) घेतलेल्या मूळ फाइलीत दोन्ही राहतात. पिवळ्या पिनच्या साध्या व्हिडिओ वायरने घेतलं किंवा एमपी4 बनवलं की जातात. फॉर्मवर ‘मोबाइलवर पाहण्यासाठी’ अशी खूण होती म्हणून आम्ही एमपी4 दिलं, पण एडिटिंग करणार आहात का हे विचारलं नाही. (तारखेवर डोळे मिटून विसंबू नका हं. कॅमेऱ्यातली छोटी बॅटरी संपलेली असेल तर घड्याळही चुकीचंच नोंदतं.)

3 नंबरची कॅसेट घेऊन या, पुन्हा कॅप्चर करू, पैसे नाहीत. बाकी चारही कॅसेटच्या मूळ डीव्ही फाइली आमच्याकडे आहेत, त्याही देतो. तासाला साधारण 13 जीबी धरा, म्हणजे तासाभराच्या पाच कॅसेटला 65 जीबी. डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस फॉरमॅटची आणा; फॅट32 वर 4 जीबीहून मोठी फाइल बसत नाही. तारीख चित्रावर छापून हवी असेल तर तशी एक वेगळी कॉपी काढू. मूळ फाइलवर छापणार नाही, एकदा छापली की पुसता येत नाही.