दस्तरखानावर बोटभरही जागा उरू देऊ नका

रमजानमध्ये इफ्तारला, म्हणजे सूर्यास्ताला रोजा सोडताना, दस्तरखान (जेवणासाठी अंथरलेलं कापड) गच्च भरायचा तर खरेदीला दुपारी चार वाजताच निघा. सहरी, म्हणजे रोजाआधीचं पहाटेचं जेवण, आटोपून दहा-अकरा तास झालेले असतात, घसा कोरडा असतो आणि बाजारातली प्रत्येक कढई तुमच्याकडेच बघत असते. मोहम्मद अली रोड असो, पुण्याचा मोमिनपुरा असो की नागपूरचा, या वेळी यादी सोबत नेऊ नये. यादी सहरीनंतर भरल्या पोटी केलेली असते, तिला चार वाजताची भूक काय कळणार? खजूर मात्र बेताचेच घ्या. ते महिनाभर टिकतात, वाया जायच्या कामाचे नाहीत.

घरी आल्या आल्या फळं चिरायला घ्या. पाच माणसांना एक सफरचंद, दोन केळी, पाव पपई आणि मूठभर द्राक्षं पुरतात. म्हणून तुम्ही अख्खी पपई, सहा केळी आणि वर कलिंगडही घ्या. साखर, मीठ आणि चाट मसाला लगेच घाला. सव्वासहापर्यंत फळांना पाणी सुटतं, केळी काळी पडतात आणि कलिंगड सगळ्यांना बुडवतं. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या अजानच्या, पाच मिनिटं आधी मीठ-मसाला घातला तर चाट कोरडी राहते, संपूनही जाते. हा धोका कशाला पत्करायचा?

भज्यांचं गणित जास्त बारीक आहे. चिरलेल्या कांद्याला साडेचारलाच मीठ लावून बेसन कालवा. तासाभरात कांद्याचं पाणी सुटून पीठ पातळ होईल, तेव्हा आणखी बेसन घाला. आता ते फिकं झालंय असं वाटेल, कारण रोजात बहुतेक जण चव घेत नाहीत आणि मीठ अंदाजानेच पडतं. मीठ वाढवलं की पुन्हा पाणी, मग पुन्हा बेसन. पाव किलोला सुरुवात केलेलं पीठ अर्ध्या किलोवर जातं. एवढी भजी कोण खाणार, असा प्रश्न पडला तर तळणं थांबवू नका. समोसेही चाळीसच्या चाळीस एकदम तळा. कच्चे फ्रीझरमध्ये ठेवून रोज आठ काढणारी घरं आहेत, पण त्यांच्या घरी सकाळी मऊ पडलेल्या समोशांची थाळी नसते. पाहुणा आला तर काय दाखवणार?

शेजारी थाळी पाठवायची तर असरनंतर, म्हणजे दुपार उलटल्यावरच्या नमाजेनंतर, लगेच नव्हे, अजानला सात मिनिटं उरली की. तोवर समोरच्या घरात त्यांची भजी तळून झालेली असतात. थाळी रिकामी परत करायची नाही हा रिवाज ते पाळतात आणि तुमच्या भज्यांच्या जागी त्यांची भजी येतात. मशिदीतही याच वेळी थाळी पोहोचवा. तिथला दस्तरखान अर्ध्या तासापूर्वीच भरलेला असतो.

अजान झाली. तीन खजूर, दोन-चार घोट पाणी, मगरिबची नमाज आणि मग जेवण, हा जुना क्रम कटाक्षाने टाळा. पोट भरल्याचा निरोप डोक्यात पोहोचायला वीसेक मिनिटं लागतात. नमाजेत त्यातली बरीचशी निघून जातात आणि माणूस परत येतो तो अर्ध्या भुकेने. म्हणून पहिल्या पाच मिनिटांतच लाल सरबताचे दोन मोठे ग्लास, बर्फासकट, रिचवा. तेवढ्याने पोटाची निम्मी जागा गेलीच. एक तृतीयांश अन्नाला, एक तृतीयांश पाण्याला आणि एक तृतीयांश श्वासाला, ही हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, सगळ्यांना पाठ असतेच. श्वासाच्या वाट्यात भजी बसतात.

आता बिर्याणी. किलोभर तांदळाची बिर्याणी, बरोबर दीड किलो मटण, आठ-दहा माणसांना पोटभर होते. तीही रिकाम्या पोटाच्या माणसांना. तुमची पाच माणसं भजी खाऊन बसलेली आहेत, तेव्हा दीड किलो तांदळाची शिजवायला हरकत नाही. इफ्तार पार्टी देणाऱ्या पुढाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. दोनशे माणसांना बोलावून ते तीनशेंची देग चढवतात, कारण फोटोत देग रिकामी दिसून चालत नाही.

उरलेल्या अन्नाची घाई करू नका. तरावीहून, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या लांब नमाजेहून, परत येईपर्यंत सगळं ओट्यावर झाकून राहू द्या. शिजवलेला भात दोन तासांहून जास्त फ्रीजबाहेर राहिला की बिघडायला लागतो आणि नंतर कितीही गरम केला तरी त्यातलं विष जात नाही. डाळी-गहू-मटणाचा खिचडा तर खोल पातेल्यातच ठेवा. मधला भाग मध्यरात्रीपर्यंत कोमट राहतो आणि सहरीला झाकण उघडताच वास येतो. उथळ परातीत पसरून गार करायचा, डब्यात भरून फ्रीझरमध्ये टाकायचा आणि लिंबू, तळलेला कांदा वाढतानाच घालायचा, असं करणाऱ्यांना आठवडाभरानेही तोच खिचडा खावा लागतो. बिचारे.

मन खाऊ लागलं तर कुरआनातल्या सूरह आराफची ३१ वी आयत आठवा. ‘खा आणि प्या’ एवढं लक्षात ठेवलंत तरी भागतं. पुढचं ‘पण उधळपट्टी करू नका’ तरावीहमध्ये आठव्या पाऱ्यात, म्हणजे कुरआनच्या आठव्या भागात, येतं खरं, पण तोवर बिर्याणी डोळ्यांवर आलेली असते.

चांदरातीला, ईदच्या आदल्या रात्री, फ्रीज आवरताना मागच्या कप्प्यात दुसऱ्या रोजाची हिरवी चटणी सापडेल, शेजारी फिरनीची दोन शिकोरी, वर साय पिवळी पडलेली. ती बाहेर काढा. शीरखुर्म्याच्या दुधाला जागा लागणार आहे, आणि पाच लिटर तर तुम्ही सांगून ठेवलंच असेल.