डाकीण ठरवणं हाच गुन्हा आहे, पहिल्या काठीची वाट पाहू नका

जादूटोणाविरोधी कायद्याबद्दल एक गैरसमज गावात पक्का बसलाय आणि कित्येक पोलीस ठाण्यांतही: मारहाण झाली किंवा जीव गेला तरच तो लागतो. साफ चूक. महाराष्ट्राच्या 2013च्या या कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे मनाई केलेल्या कृत्यांच्या यादीत, 12 बाबी आहेत. अमुक बाई करणी करते, मंत्राने गुरांचं दूध आटवते, तिच्यामुळे रोगराई येते असं भासवून तिचं जगणं नकोसं करणं, ही त्यातली एक स्वतंत्र बाब. करणीच्या नावाने मारहाण, नग्न धिंड, रोजच्या व्यवहारांवर बंदी, ही दुसरी. शिक्षा दोन्हींना एकच: किमान 6 महिने, कमाल 7 वर्षं, आणि 5 हजार ते 50 हजार रुपये दंड. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलीस कोर्टाच्या आदेशाविना तपास आणि अटक करू शकतात, आणि अजामीनपात्र. बिहारच्या 1999च्या कायद्यात कुणाला डायन ठरवल्याबद्दल जास्तीत जास्त 3 महिने किंवा 1 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आपल्याकडचा कायदा कितीतरी कडक आहे आणि तो कपाटात पडून राहतो, याचा मला मनापासून राग येतो.

नाव ठरतं कसं ते नीट पाहा. घरात आजारपण येतं, माणसं भगताकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे, जातात, तो दाणे पाहतो. मुरलेला भगत सहसा नाव घेत नाही. "उगवतीकडचं घर", "नात्यातलीच बाई", "नवरा नसलेली" एवढंच सुचवतो. नाव ऐकणारेच भरतात. आणि भरलं जातं ते बहुतेकदा जिच्याशी बांधाचा किंवा वाटणीचा वाद आहे तिचं, किंवा एकट्या विधवेचं. म्हणून भगत पुढे म्हणतो, मी कुठे कुणाचं नाव घेतलं? पण नाव उच्चारलंच पाहिजे अशी कायद्याची अट नाही, भासवणं पुरेसं आहे.

मुळाशी असलेला आजार मात्र तसाच राहतो. नंदुरबार, गडचिरोलीच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. एकाच घरात एकामागून एक मूल सांधेदुखीने, रक्त कमी होऊन खंगतं, तेव्हा ते शापासारखं वाटणारच. मण्यार हा विषारी साप. ती रात्री झोपेत चावते, सूज नाही, बऱ्याचदा व्रणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटू लागतात, श्वास अडकतो. रात्री धडधाकट झोपलेला माणूस सकाळी गेला की गाव कारण शोधतं. मंत्राने विष उतरल्याचा अनुभव खरा वाटतो, कारण बरेच साप बिनविषारी असतात आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. सर्पदंश झालेल्याला दवाखान्यापासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणं हेही याच अनुसूचीत आहे.

आता तक्रार. गाडी अडते ती इथेच. "गावात त्रास देतात" असं मोघम लिहिलं की ठाण्यात त्याची अदखलपात्र नोंद होते आणि प्रकरण शेजाऱ्यांच्या भांडणात जमा होतं. तारीख, वेळ, जागा लिहा. बोललेले शब्द भिली, कोरकू, गोंडी, ज्या बोलीत असतील तसेच लिहा, मराठी अर्थ खाली द्या. ऐकणारे कोण होते ते लिहा. त्यानंतर काय बदललं ते सर्वांत महत्त्वाचं: पाणी भरू दिलं नाही, पिठाच्या गिरणीवर दळण नाकारलं, मजुरीला बोलावणं थांबलं. जगणं नकोसं केल्याचा पुरावा यातूनच उभा राहतो. अर्जात कायद्याचं नाव आणि त्याचं शिक्षेचं कलम 3 स्वतः लिहा. मारहाण असेल तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या. मोबाइलवर चित्रण असेल तर मूळ फोन जपा. कोर्टात अशा डिजिटल पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63चं प्रमाणपत्र लागतं, नुसत्या पुढे पाठवलेल्या क्लिपवर भरवसा ठेवू नका.

या कायद्यासाठी पोलीस निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारी असतो, त्याचं नाव विचारा. ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर तोच मजकूर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, पावती ठेवा. त्यानंतरचा रस्ता न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो.

अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातही करणीच्या आरोपावरून अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला छळणं हा गुन्हा आहे. पण आरोपी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर ते कलम लागत नाही. सातपुड्यात दोन्ही बाजू बहुधा आदिवासीच असतात, तिथे फक्त त्यावर विसंबलात तर खटला ढासळतो. गावाने वाळीत टाकलं असेल तर 2016चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा सोबत लावून घ्या: 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

ऑगस्ट 2021मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दमध्ये करणीच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या माणसांना भर चौकात बांधून मारलं. मे 2024मध्ये गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात त्याच संशयाने दोघांना जिवंत जाळलं. असा संशय एका रात्रीत तयार होत नाही, आधी कुजबूज असते. ती आशाताईच्या, शिक्षकाच्या, पोलीस पाटलाच्या कानावर येते. तक्रार करायची वेळ तीच.

पंचांसमोर "मिटवून टाका" म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. तडजोडीचा कागद झाला की साक्षीदार गळतात, पण बाईवरचा शिक्का तसाच राहतो, आणि पुढचं मूल आजारी पडलं की बोट पुन्हा तिच्याकडेच. तिला वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.