‘गरोदर कामवालीला आखाजीआधी मोकळं करा’ : त्या मेसेजला उत्तर

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की खान्देशात साल संपतं. सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचा, हिशेब होतो, पुढचं साल ठरतं किंवा तो दुसरं घर बघतो. शेतावरची ही रीत आता शहरातही आली आहे. जळगाव-धुळ्यात दिवसभराची बाई ठेवताना कितीतरी जण ‘आखाजी ते आखाजी’ असंच बोलतात, हल्ली काही जण स्टॅम्प पेपरवर करारही करून घेतात. म्हणूनच तो मेसेज बरोबर याच दिवसांत फिरायला लागतो. मला या आठवड्यात तीन ग्रुपवर आला. त्यातला एक आमच्या भिशीचा.

मजकूर थोडक्यात असा: कामवाली गरोदर असेल तर करार संपायच्या आत मोकळी करा, नव्या कायद्याने २६ आठवड्यांचा पगार द्यावा लागतो आणि करार संपला तरी सुटका नाही असं सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, ११ महिन्यांचाच करार करा म्हणजे वाचाल, घरात काही झालं तर केस तुमच्यावर, तिच्या कुठल्याही कागदावर सही करू नका, आणि बाळंतपणानंतर या बायका परत येत नाहीत. खाली ‘जनहितार्थ’.

२६ आठवड्यांचा आकडा खरा आहे, पत्ता चुकलाय. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली. पण तो कायदा कारखाने, खाणी, मळे आणि दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेली दुकानं-आस्थापना यांच्यासाठी होता. नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही चौकट तीच आहे. तुमचं-माझं स्वयंपाकघर त्यात बसत नाही.

कोर्टाचा निकालही खरा आहे, ऑगस्ट २०२३ चा. दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयात करारावर असलेल्या डॉक्टरबाईंनी १ जून २०१७ पासून बाळंतपणाची रजा मागितली. करार ११ जूनला संपत होता, म्हणून रुग्णालयाने अकरा दिवसांचाच लाभ देऊ केला. कोर्ट म्हणालं, हक्क एकदा लागू झाला की करार संपला म्हणून तो तुटत नाही. पण हा हक्क त्याच १९६१ च्या कायद्याचा. जिथे मुळात तो कायदाच पोचत नाही, तिथे त्याचा निकाल कसा पोचणार?

इथवर वाचून कुणी ‘सुटलो बुवा’ म्हणेल. म्हणा. पण मग मेसेजने घातलेली भीतीही गेली, हे लक्षात घ्या. घरकामगारांसाठी देशपातळीवर वेगळा कायदाच नाही. तो करता येईल का हे समिती नेमून बघा, असं सुप्रीम कोर्टाने केंद्राला सांगितलं ते जानेवारी २०२५ मध्ये. सहा महिन्यांच्या पोटुशीला तुम्ही ‘उद्यापासून नको येऊ’ म्हणालात तर बहुतेक कुणी विचारायला येणार नाही. तेव्हा काढायचं असेल तर स्वतःच्या नावावर काढा, कोर्टाचं नाव कशाला पुढे करता?

११ महिन्यांची युक्ती तर घरभाड्याची. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून लोक अकरावर थांबायचे. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यापासून अकरा महिन्यांचा भाडेकरारही नोंदवावाच लागतो. म्हणजे जी युक्ती भाडेकरूवरही चालत नाही, ती बाईवर वापरायला सांगतायत.

आता ‘घरात काही झालं तर’. कायद्याने मुभा दिलेली नसताना जाणूनबुजून गर्भपात घडवून आणणं हा गुन्हा आहे. बाई तुमच्याकडे कामाला असताना दुर्दैवाने काही झालं, एवढ्यावरून तुम्ही गुन्हेगार होत नाही. (घर हेही कामाचं ठिकाण मानणारा आणि घरकामगार बाईचा स्पष्ट उल्लेख करणारा एक कायदा आहे, २०१३ चा, लैंगिक छळाविरुद्धचा. त्याची आठवण अशा मेसेजला कधी होत नाही.)

पण काळजी घ्यायची ती केसच्या धाकाने कशाला? माझंच सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडची बाई सहाव्या महिन्यात होती आणि मी बिबडे (ज्वारीचे पापड) काढले होते. ऊन चढायच्या आत थापून व्हावेत म्हणून पहाटेच त्यांचा घाटा (शिजवलेलं पीठ) तयार केला. पातेलं गच्चीवर न्यायचं होतं. मी खाली ओलं धोतर पिळत होते, ती बिनबोभाट पातेलं घेऊन निघाली. दुसऱ्या जिन्याच्या वळणावर पातेलं खाली ठेवून बसली होती. एक हात कमरेवर, कपाळावर घाम, आणि साडीवर सांडलेला घाटा निपटून परत पातेल्यात टाकत होती. ‘काही नही ताई, जराशी चक्कर उनी.’ मी तिला नको म्हटलं नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं, कारण विचारलं तर साल मोडेल ही धास्ती.

त्या दिवसापासून जिना बंद. फरशी बसून पुसायची नाही, उभ्याने मॉप. संडासाचं अ‍ॅसिड माझ्याकडे. लसूण सोलणं, शेंगा फोडणं, भाजी निवडणं तिच्याकडे, तेही कूलरसमोर. भर वैशाखात इथे पारा ४४-४५ वर जातो; दुपारी बारा ते चार तिला घरी पाठवायचं नाही, आमच्याकडेच आडवं व्हायचं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, त्या दिवशी सुट्टी, पगार न कापता. यातलं काहीही मला फार महागात पडलं नाही. बिबडे त्या वर्षी कमी झाले एवढंच.

मेसेजमधला सगळ्यात वाईट सल्ला सहीचा. राज्याचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. त्यात नोंद झालेल्या बाईला दोन अपत्यांपर्यंत बाळंतपणासाठी मदत मिळू शकते. नोंदणीच्या अर्जाला ती जिथे काम करते त्या घराचं प्रमाणपत्र लागतं आणि नेमकी तीच सही लोक देत नाहीत. तीन घरची भांडी घासणारी बाई तीन दारांतून रिकामी परत येते. त्या सहीने २६ आठवड्यांचा पगार तुमच्या अंगावर येत नाही, हे वर आलंच. शिवाय प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे: पहिल्या बाळाला दोन हप्त्यांत ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. ई-श्रम कार्ड असलेल्या बाईला ती लागू होते, नोंद अंगणवाडीत किंवा आशाताईकडे. आणि सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट, सिझर झालं तरी. हे तिला कुणी सांगितलेलं असतंच असं नाही.

राहिलं ‘परत येत नाहीत’. खरंय, कधी कधी नाही येत. आमची माहेरी शिरपूरकडे गेली तेव्हा ‘सवा महिना झाया की मी येसू ताई’ म्हणून गेली. मी दोन महिन्यांचे ९,००० आणि डिंक-खोबरं दिलं होतं. ती नाही आली. तान्ह्या बाळाला घेऊन रोज दोन रिक्षा बदलणं जमेना, तिने घराजवळची दोन कामं धरली आणि आमच्याकडे जावेला पाठवलं. माझी सासू आजही म्हणते, पैसे पाण्यात गेले. मला तसं वाटत नाही, पण तिला ते पटवून देता आलेलं नाही.

हे सगळं मी भिशीच्या ग्रुपवर लिहिलं. दोघींनी पसंतीचा अंगठा टाकला, एकीने ग्रुप सोडला. रात्री उशिरा एकीचा वेगळा मेसेज आला: ‘ते प्रमाणपत्र कसं लिहायचं गं? आमचीला पाचवा चालू आहे.’ मी तिला कळवलं: बाईचं नाव, कधीपासून आणि काय काम करते, तुमचं नाव-पत्ता, खाली सही, अर्ज जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात.